दोन प्रवेशांचा माणूस: चरित्र अभिनयाविषयी वाचकांचे प्रश्न

चरित्र भूमिका करणाऱ्यांकडून आणि करू पाहणाऱ्यांकडून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. म्हातारपणाची रंगभूषा आणि चाल यांविषयीची पत्रं सगळ्यांत जास्त होती, तेव्हा जागाही त्यांनीच जास्त खाल्ली आहे.

प्रश्न: चरित्र अभिनेता म्हणजे चरित्रपटात काम करणारा नट का? आणि मग सहायक अभिनेता कोण?

उत्तर: चरित्रपटाशी संबंध नाही. ‘कॅरेक्टर अ‍ॅक्टर’ला कुणीतरी ‘चरित्र अभिनेता’ म्हटलं आणि ते चिकटलं. मराठीत चरित्र म्हणजे एक तर जीवनकथा, नाही तर चालचलणूक. म्हणून हा घोळ होतो. ‘स्वभावनट’ म्हटलं असतं तर नेमकं झालं असतं, पण आता उशीर झाला.

‘सहायक’ हा शब्द नटाची कथेतली जागा सांगतो, ‘चरित्र’ हा कामाची जात सांगतो. नायकाच्या कामात नटाचं स्वतःचं रूप आणि वय बहुधा तसंच चालतं. चरित्र भूमिकेत वय, चाल, बोली, हुद्दा असं काही ना काही दुसऱ्याचं अंगावर घ्यावं लागतं. म्हणून चरित्र भूमिका मध्यवर्तीही असू शकते. ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर हे त्याचं आपल्याकडचं सर्वांत ठळक उदाहरण. पडद्यावर मात्र हे दोन शब्द एकमेकांत मिसळून गेले. ऑस्करमध्ये सहायक अभिनयाचा वेगळा पुरस्कार १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि पहिला मानकरी ठरला वॉल्टर ब्रेनन, हाडाचा चरित्र नट. १९३८ आणि १९४० च्या चित्रपटांसाठीही तो पुरस्कार त्यालाच गेला. पहिली काही वर्षं या गटातल्या विजेत्यांना पूर्ण बाहुली न देता नुसता फलक देत असत. दुय्यम कामाला दुय्यम बक्षीस, असा त्या काळचा हिशेब.

प्रश्न: माझं वय २८. नाटकात ७२ वर्षांच्या गृहस्थाचं काम आहे. सुरकुत्या काढल्या की पहिल्या रांगेला काजळ फासल्यासारखं दिसतं आणि मागच्या रांगेला काहीच दिसत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर: रेषा काढताय, तिथेच. वयामुळे चेहऱ्यावर आधी खळगे पडतात, रेषा त्यांच्या मागून येतात. पंधरा-वीस मीटरवरून रेष दिसत नाही, खळगा दिसतो. तेव्हा काम कवटीपासून सुरू करा. बोटांनी चेहरा चाचपून या जागा शोधा: कानशिलाचा खोलगट भाग, डोळ्याच्या खोबणीचा नाकाकडचा कोपरा, गालाच्या हाडाखालची जागा, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी, हनुवटीच्या दोन्ही बाजूंना सुटलेला जबडा आणि गळ्याच्या दोन शिरा. एवढ्या सहा जागा पुरतात. कपाळावर आडव्या रेघा मारायचा मोह आवरा. भुवया उंचावल्यावर त्या आपोआप पडतात. काढलेल्या रेघा खऱ्या आठ्यांच्या वर-खाली बसल्या की दुसऱ्याच वाक्याला पितळ उघडं पडतं.

रंग काळा नको. दिव्याखाली काळा रंग मळासारखा दिसतो. बेसपेक्षा, म्हणजे चेहऱ्याला आधी लावलेल्या मूळ रंगापेक्षा, दोन-तीन छटा गडद, तांबूस तपकिरी घ्या. प्रत्येक सावलीची एक कड धारदार ठेवायची आणि दुसरी विरत न्यायची. नाकाशेजारच्या घडीत धारदार कड घडीच्या तळाशी, ओठाच्या बाजूला येते. तिथून रंग गालाकडे विरवायचा आणि गालाच्या फुगवट्यावर बेसपेक्षा फिकट रंगाचा उजेड द्यायचा. हौशी रंगभूषेत हा उजेडच विसरला जातो. नुसत्या सावल्यांनी माणूस म्हातारा दिसत नाही, आजारी दिसतो. शेवटी पावडर पफने दाबून लावा. घासली की विरवलेल्या कडा एकत्र होतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

मेकअपरूमच्या आरशात पाहून ‘झालं’ म्हणू नका. आरसा अर्ध्या मीटरवर असतो, प्रेक्षक नसतो. रंगीत तालमीला नाटकाचे खरे दिवे लावून कुणाला तरी पहिल्या आणि शेवटच्या रांगेतून पाहायला सांगा. छोट्या सभागृहात प्रेक्षक दोन-तीन मीटरवर असतील तर सावल्या निम्म्या करा आणि भार केस, चष्मा आणि हातांवर टाका. हात हमखास विसरले जातात. बहात्तरीचा चेहरा आणि त्याच्याखाली अठ्ठावीसचे गुळगुळीत हात! हाताच्या मागच्या बाजूला हाडांच्या मधल्या खाचांत सावली आणि हाडांवर उजेड, एवढं दोन मिनिटांचं काम आहे.

केसांना पांढरी पावडर नको. ती दिव्यात निळसर-राखी दिसते आणि कुणी पाठ थोपटली की ढग उडतो. पांढऱ्या क्रीममध्ये किंचित पिवळट छटा मिसळून जुन्या टूथब्रशने लावा. आधी कानशिलं, मग भांगाची कड. भुवया उलट्या दिशेने विंचरून रंग द्या आणि मग बसवा.

दाढी क्रेपची, म्हणजे नकली केसांची, करणार असाल तर क्रेप आदल्या रात्री ओलसर करून ताणून वाळत ठेवा. कुरळी लावली तर कापसाचा बोळा चिकटवल्यासारखी दिसते. त्वचा कोरडी आणि बिनतेलाची हवी. स्पिरिट गम (दाढी-मिशी चिकटवायचा गोंद) लावल्यावर लगेच केस टेकवू नका. बोट लावून पाहा, तार सुटायला लागली की चिकटवा. सुरुवात हनुवटीच्या खालून, मग पुढून, मग गालावर वर चढत जायचं, म्हणजे वरचा थर खालच्या थराची कड झाकतो. घराच्या कौलांच्या उलटसुलट मांडणीने पाणी शिरावं तसंच इथे उलट्या क्रमाने चिकट कड उघडी पडते. ओठांच्या कोपऱ्यांशी दोन-तीन मिलिमीटर मोकळे सोडा, नाही तर बोलताना मिशी सुटते.

लेटेक्सच्या (पातळ रबराच्या) सुरकुत्या जवळच्या प्रेक्षकासाठी उत्तम. त्वचा ताणून धरायची, स्पंजने पातळ थर थोपटायचा, थंड हवेने वाळवायचा, पावडर लावायची आणि मगच त्वचा सोडायची. पावडरीआधी सोडली तर थर थराला चिकटतो आणि पुन्हा सुटत नाही. भुवया, पापण्या आणि केसांपासून लांब ठेवा. आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून पाहा. लेटेक्सची अ‍ॅलर्जी विरळ नाही आणि प्रयोगाच्या दिवशी ती कळून उपयोग नसतो.

प्रश्न: म्हाताऱ्याच्या कामात मी कमरेत वाकतो, हात थरथरवतो. दिग्दर्शक ‘नाटकी वाटतंय’ म्हणतात. मग करायचं काय?

उत्तर: दोन्ही सोडा. ‘म्हातारपण’ अशी काही एक गोष्ट शरीरात नसते. उजवा गुडघा दुखतो, डाव्या कानाने कमी ऐकू येतं, मान वळत नाही, असं काहीतरी नेमकं असतं. यातली एक, फार तर दोन दुखणी निवडा आणि ती पहिल्या प्रवेशापासून पडदा पडेपर्यंत त्याच जागी ठेवा. दुसऱ्या अंकात दुखरा गुडघा बदलला तर प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण विश्वास जातो.

चालताना पाऊल आखूड, दोन पावलांमधलं अंतर थोडं रुंद, आणि दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा क्षण जरा लांब. वळताना मान एकटी वळत नाही, खांदे आणि छातीही सोबत येतात. बसताना आधी पोटरीच्या मागच्या बाजूला खुर्ची लागल्याची खात्री होते, मग हात खुर्चीच्या हातावर किंवा बैठकीवर जातो, मग शरीर खाली येतं आणि शेवटचे दोन-तीन इंच सुटतं. उठताना पाय मागे घ्यायचे, धड पुढे झुकवायचं, मांड्यांवर हात रेटायचे. पहिला प्रयत्न फसून दुसऱ्यात उठणं हे एकदाच करा. तीनदा केलंत तर हशा येईल. वाकायचंच असेल तर कमरेत नको. छातीचं हाड दोन बोटं खाली सोडा आणि डोकं तेवढंच पुढे न्या. अडीच तास कमरेतून वाकणाऱ्या तरुण नटाची पाठ दहा-बारा प्रयोगांत खरीच धरते.

काठीबद्दल. पत्र लिहिणाऱ्या बहुतेकांनी गुडघा उजवा आणि काठीही उजव्या हातात, असं लिहिलं आहे. हे उलट आहे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात असते आणि दुखऱ्या पायाबरोबरच पुढे पडते. उंची अशी की हात सैल सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यावी. मग धरल्यावर कोपर जरासं वाकतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. प्रेक्षकांत गुडघ्याचा रुग्ण एखादा तरी असतोच, त्याला हे लगेच कळतं.

थरथरीचंही तसंच. पार्किन्सनचा कंप हात स्वस्थ मांडीवर असताना दिसतो आणि वस्तू घ्यायला हात पुढे गेला की बहुधा कमी होतो. उलट, वयात दिसणारा नेहमीचा कंप कप उचलताना, सही करताना वाढतो. भूमिकेला कुठला हवा ते ठरवल्याशिवाय हात हलवू नका.

श्रीराम लागूंचा जन्म १९२७ चा, ‘नटसम्राट’ रंगमंचावर आलं १९७० मध्ये. म्हणजे बेलवलकर उभे करताना ते ४३ वर्षांचे होते. योगायोग असा की मॅक्स फॉन सिडो या स्वीडिश नटाने १९७३ च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’मधला वृद्ध धर्मगुरू केला तोही त्याच वयाच्या आसपास. त्याच्या चेहऱ्यावर डिक स्मिथसारख्या रंगभूषाकाराचे जिवंत वाटणारे थर होते, पण पायऱ्यांवरचा थकवा आणि गोळीसाठी चाचपडणारी बोटं त्याची स्वतःची. रंगभूषा आधीपासून असलेलं म्हातारपण दाखवते, नसलेलं आणून देत नाही.

प्रश्न: भूमिकेसाठी घोगरा आवाज लावतो. पाचव्या प्रयोगापर्यंत खरंच घसा बसला. दौऱ्यात सलग प्रयोग आहेत.

उत्तर: घशात आवाज पिळून घोगरेपणा काढताय, म्हणजे स्वरतंतूंच्या वरचे पडदेही आवळले जाताहेत. त्याने आधी सूज येते, मग वरचे सूर जातात, मग आवाज फुटतो. हा आवाज कायमचा सोडा आणि वय किंवा रगेलपणा दुसरीकडून आणा. वाक्याचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याआधी श्वास घ्या. श्वास अपुरा असलेला माणूस म्हातारा वाटतो. पट्टी एक-दीड सुराने बदला, त्याहून जास्त नको. दात नसलेल्याचे ‘स’ आणि ‘श’ बदलतात, तेवढ्यावरही काम भागतं. बोलण्याची गती बदलणं तर फुकट आहे.

रोज प्रयोगाआधी पंधरा मिनिटं द्या. आधी ओठ फुरफुरवत सूर वर-खाली, मग ओठ मिटून गुणगुणणं, मग ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवून त्यातून सूर लावत बुडबुडे काढणं. या शेवटच्या प्रकाराने स्वरतंतूंवरचा ताण कमी होतो आणि प्रयोगानंतरही तो पाच मिनिटं करावा. पाणी दिवसभर प्या. पहिल्या घंटेला तांब्याभर पाणी पिऊन स्वरतंतूंपर्यंत ओलावा पोचत नाही, नुसतं लघवीला लागतं. खाकरण्याऐवजी घोट गिळा. आवाज बसल्यावर कुजबुजू नका, त्यातही ताण असतो. एक तर हलक्या आवाजात नीट बोला किंवा गप्प राहा. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या घेऊन रंगमंचावर जाणं वाईट, कारण दुखणं कळलं नाही की नट जोर लावतो. अ‍ॅस्पिरीनने रक्तस्रावाची शक्यता वाढते, म्हणून ताणलेल्या आवाजावर ती स्वतःच्या मनाने घेऊ नका.

दोन आठवड्यांत आवाज पूर्ववत झाला नाही, किंवा एखाद्या आरोळीत अचानक गेला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू दुर्बिणीने पाहून घ्या. अचानक गेलेल्या आवाजावर त्याच रात्री प्रयोग करणं म्हणजे महिन्याचे प्रयोग घालवणं. लागू स्वतः याच शाखेचे शल्यविशारद होते. पण नटाला तेवढं शिकायची गरज नाही. आपला गळा बसला आहे की दमला आहे, हे ओळखता आलं तरी पुष्कळ.

प्रश्न: वीस वर्षं नाटक केलं. कॅमेऱ्यासमोर दर वेळी ‘लाउड होतंय’ ऐकावं लागतं. किती कमी करू?

उत्तर: ‘कमी’ करायला गेलात तर मेलेलं काम दिसेल. रंगमंचावर आपण समोरच्याशी बोलतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. कॅमेऱ्यासमोर यातलं दुसरं सोडायचं, पहिलं पूर्ण ठेवायचं. समोरचा नट दीड मीटरवर असेल तर दीड मीटरचा आवाज. कपड्यात लावलेला माईक बाकीचं बघतो. छातीवर थाप मारून मात्र त्याची वाट लावू नका.

दर शॉटआधी चौकट कुठे कापली आहे ते छायाचित्रणाच्या माणसाला विचारा. यात कमीपणा नाही. छातीपर्यंत असेल तर हाताचे हातवारे कुणाला दिसणार नाहीत, फक्त खांदे हललेले दिसतील. क्लोजअपमध्ये समोरच्याच्या दोन्ही डोळ्यांत आलटून पालटून पाहिलं की आपली बुबुळं भिरभिरतात. त्याच्या एकाच डोळ्यात पाहा, जो कॅमेऱ्याच्या जवळ आहे त्यात.

मार्कवर, म्हणजे ठरवून दिलेल्या जागेवर, थांबण्याची युक्ती जुनी आहे. शेवटच्या जागेवर उभे राहा, तिथून उलटं चालत सुरुवातीच्या जागेवर या आणि पावलं मोजा. मग टेकमध्ये खाली न पाहता तेवढीच पावलं टाका. हातभर पुढे थांबलात तर फोकस जातो, आणि उत्तम टेक फेकला जातो.

नाटकवाल्यांचा खरा घात कंटिन्युइटीत, म्हणजे शॉटमागून शॉट हालचाली जुळवण्यात, होतो. नाटकात दर प्रयोगी कप वेगळ्या शब्दावर उचलला तर बिघडत नाही. इथे मास्टरमध्ये (अख्खं दृश्य एकत्र टिपणाऱ्या शॉटमध्ये) कप ‘काल’ या शब्दावर उचलला असेल तर तीन तासांनंतरच्या क्लोजअपमध्येही ‘काल’वरच उचलावा लागतो, त्याच हाताने. नाही तर संकलकाला तुमचा सर्वांत चांगला टेक वापरता येत नाही. म्हणून पहिल्याच तालमीत हाताची कामं ठरवा, थोडी ठरवा, आणि संहितेत त्या त्या शब्दाखाली खूण करा. खाण्याच्या दृश्यात तर घास अगदी लहान घ्या. तेच ताट बारा टेक खायचं असतं.

चित्रीकरण उलटसुलट क्रमाने होतं, त्यावर उपाय वहीचा. दर दृश्यासमोर चार गोष्टी लिहा: याआधी मी कुठे होतो, मला काय ठाऊक आहे, अंगात दहापैकी किती जोर आहे, दुखरा पाय कितपत दुखतोय. मृत्यूचं दृश्य पहिल्या दिवशी आणि लग्नाचं शेवटच्या दिवशी आलं तरी या चार ओळींवर काम चालतं. आणि मास्टरमध्येच सगळे अश्रू संपवू नका, क्लोजअप बहुधा शेवटी येतो.

प्रश्न: साठीनंतर पाठांतर होत नाही. पूर्वी दोन दिवसांत अंक पाठ व्हायचा.

उत्तर: पूर्वी घोकून व्हायचा. घोकंपट्टी वयाबरोबर आधी जाते, अर्थ धरून ठेवण्याची शक्ती बरीच टिकते. तर मग तिचाच आधार घ्या. प्रत्येक वाक्यासमोर, हे बोलून समोरच्याचं मी काय करतोय, ते एका क्रियापदात लिहा: टाळतो, टोचतो, गोंजारतो, उकरून काढतो. हेल्गा आणि टोनी नोईस या जोडीने नटांच्या स्मरणशक्तीवर बराच अभ्यास केला आहे. नट शब्दांपेक्षा हेतू आणि हालचालीला धरून लक्षात ठेवतात, असंच त्यातून दिसतं.

रोज वीस-पंचवीस मिनिटांच्या तीन बैठका करा, एक सलग दोन तासांची नको. पुन्हा पुन्हा वाचण्याने पाठ झाल्याचा भास होतो. कागद उपडा ठेवून म्हणा, अडलात तिथे आठवायला दहा सेकंद द्या, मगच पाहा. रात्री शेवटची बैठक, सकाळी उठल्यावर तीच पहिली. समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे चार शब्द आपल्या वाक्याइतकेच पक्के करा, कारण अडखळणं बहुधा स्वतःच्या वाक्यात होत नाही, सुरुवातीला होतं.

दोन धोके. खुर्चीत बसून पाठ केलेलं उभं राहिल्यावर निसटतं, म्हणून तिसऱ्या दिवसापासून चालत, कपडे घड्या घालत म्हणा. आणि चालीत पाठ करू नका. एकदा सूर बसला की दिग्दर्शकाने वाक्याचा रोख बदलला तर शब्दही जातात. पाठ करताना आवाज सपाट ठेवा.

प्रयोगात गाडी थांबलीच तर जमिनीकडे पाहू नका, समोरच्याकडे पाहा. आपण त्याचं काय करत होतो ते आठवलं की शब्द मागून येतात. प्रॉम्प्टरने पूर्ण वाक्य देऊ नये. पहिले दोन शब्द, स्पष्ट, एकदाच. पॉज कुठले आणि विसर कुठला हे त्याला कळावं म्हणून त्याच्या प्रतीत पॉज लिहून द्या.

प्रश्न: दोनच प्रवेश आहेत. लक्षात राहायचं तर काय करावं?

उत्तर: लक्षात राहायचा प्रयत्न सोडून प्रवेश चालवा. दोन प्रवेशांच्या माणसाला नाटककाराने एका कामासाठी आणलेलं असतं: बातमी देणं, दार अडवणं, नायकाला लाज आणणं. ते काम नेमकं ओळखा. मग तीन प्रश्न: येण्याआधी हा काय करत होता, इथून काय घेऊन जायला आलाय, आणि जाताना ते मिळालंय का. पहिल्याचं उत्तर विंगेत सुरू होतं. दहा पावलं आधीपासून त्या माणसासारखे चालत या. दारातच भूमिकेत शिरणारा नट दारात दिसतो.

सवय एकच ठेवा. चष्मा पुसणं असेल तर चष्मा पुसणं. त्यात खोकला, तपकीर आणि रुमाल घातलात तर दुकान मांडल्यासारखं होतं. दुसऱ्याच्या महत्त्वाच्या वाक्यावर हलू नका. प्रेक्षकाची नजर हालचालीकडे जाते, आणि गेलेलं वाक्य परत येत नाही. हशा आला तर शिगेला पोचून उतरायला लागेपर्यंत थांबा आणि पूर्ण विरायच्या आत पुढचं वाक्य घ्या. पूर्ण विरू दिला तर प्रवेश नव्याने ओढावा लागतो.

निळू फुले पडद्यावर दरारा उभा करायचे तो आवाज न चढवता. नजर, रेंगाळणारा शब्द आणि हालचालींची काटकसर. त्यांची नक्कल करणारे हजार झाले, पण ते शब्दांचा हेल उचलतात. उचलायची होती ती काटकसर.

प्रश्न: सारखे वडील किंवा पोलीस अधिकारीच मिळतात. साचा कसा मोडावा?

उत्तर: काम मिळत असताना साचा मोडायची घाई नको. ए. के. हंगल चित्रपटांत आले तेच पन्नाशीच्या आसपास, आणि बहुतेक साऱ्या भूमिका वडीलधाऱ्यांच्या करत दशकानुदशकं टिकले. साच्याच्या आत फरक करता येतो: एक अधिकारी बूट घट्ट बांधणारा, दुसरा चप्पल ओढत येणारा. दुसरं काही दाखवायचं असेल तर स्वतःच्या चित्रफितीत दाखवा. ती दीड मिनिटाच्या आत असावी, संगीत नको, पहिल्या पाच सेकंदांत तुमचा चेहरा हवा, आणि नेहमीच्या कामाशी विसंगत तुकडा दुसऱ्या क्रमांकावर, शेवटी नको. शेवटपर्यंत कुणी पाहत नाही.

घरून ऑडिशन पाठवताना कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, फोन आडवा, चौकट छातीपासून वर, मागे साधी भिंत. समोरची वाक्यं वाचणारा भिंगाला खेटून उभा राहावा आणि त्याचा आवाज तुमच्यापेक्षा हलका असावा. तो फोनमागे असल्याने त्याचाच आवाज मोठा येतो, ही चूक इतकी सर्रास आहे की पाठवण्याआधी एकदा डोळे मिटून ऐकाच. दाढी असेल तर दाढीसह आणि दाढीविना असे दोन्ही फोटो तयार ठेवा. दाढी पाच मिनिटांत काढता येते, वाढवायला महिना लागतो.

प्रश्न: एकाच नाटकात तीन भूमिका आहेत, मधला बदल ४० सेकंदांचा.

उत्तर: तिन्ही वेशांचा क्रम आधी कागदावर मांडा. खालचा वेश आधीच अंगात घालता येतो का पाहा. बटणं वरून शिवून टाका आणि मागे वेल्क्रो लावा, नाडीऐवजी इलॅस्टिक. बुटांना लेस नको. कपडे विंगेत घालण्याच्या क्रमाने ठेवा, पहिला वर. बदलायला मदतनीस एकच, दोघं एकमेकांना अडतात. तुम्ही हात पुढे करायचे, बटणाला हात लावायचा नाही. चिकटवलेली दाढी शक्यतो पहिल्या भूमिकेला द्या, कारण घामेजल्या चेहऱ्यावर गम धरत नाही, आणि काढायला वेळ लागतो म्हणून तिच्यानंतरचा बदल मध्यंतरात येईल असं बघा. ते जमत नसेल तर दाढी रद्द करा. चष्मा, टोपी आणि वेगळ्या टाचेचे बूट यांवर माणूस पुरेसा बदलतो. टाच दीड इंचाने बदलली की चाल आपोआप बदलते. हा बदल अंधारात, घड्याळ लावून, पंधरा-वीस वेळा करा. तालमीत ४० सेकंद लागत असतील तर प्रयोगात ५० लागतील, म्हणून तालमीत ३० वर आणा.

प्रश्न: दोनशे प्रयोग झाले. नाटक ‘सैल’ झालंय असं सगळे म्हणतात, पण कुठे ते सापडत नाही.

उत्तर: घड्याळात सापडेल. व्यवस्थापकाला दर प्रयोगी प्रत्येक अंकाची वेळ लिहून ठेवायला सांगा. पहिल्या वीस प्रयोगांच्या सरासरीपेक्षा अंक तीन-चार मिनिटांनी वाढला असेल तर कुणीतरी पॉज वाढवलेत, आणि बहुधा ते अनुभवी चरित्र नटांनीच वाढवलेले असतात, कारण टाळीची जागा त्यांनाच ठाऊक असते. प्रयोगाआधी सगळ्यांनी गोल बसून पूर्ण नाटक हालचालींशिवाय, पॉजशिवाय, दुप्पट वेगाने म्हणून काढा. अडीच तासांचं नाटक सव्वा तासात होतं. जिथे नट अडखळेल ती जागा लिहून घ्या; त्याच्या आधीचा पॉज नाटककाराने लिहिलेला नसणार.